आरोपी निर्दोष, आरोप कायम : चेटकिणीचा खटला, गॉथिक मालिका आणि मानवत

चेटूक केल्याच्या आरोपावरून उभा राहिलेला खटला हा गॉथिक कथेचा आवडता प्रसंग आहे. मात्र तो या कथाप्रकाराच्या स्वभावाशी सहज जुळणारा नाही. गॉथिक कथेला अंधार हवा असतो, वाडा, तळघर आणि अर्धवट ऐकू आलेला आवाज हवा असतो. न्यायालयाला उजेड लागतो. कोणी काय पाहिले, कोठून पाहिले, किती अंतरावरून पाहिले, असे रूक्ष प्रश्न तेथे विचारले जातात. हे दोन्ही एकाच पडद्यावर आले की त्यांपैकी एकाला माघार घ्यावी लागते. कोणी घ्यायची, हा प्रश्न तंत्रापुरता मर्यादित नाही. आरोप झालेल्या स्त्रीकडे प्रेक्षकाने कसे पाहावे, हे त्यावर ठरते. म्हणून त्याचा विचार समीक्षेच्या कक्षेत येतो.

या प्रसंगाचे सर्वांत विस्तृत रूप 'डार्क शॅडोज' या अमेरिकन दैनंदिन मालिकेत सापडते. ए.बी.सी. वाहिनीवर १९६६ ते १९७१ या काळात, दुपारच्या गृहिणींसाठीच्या मालिकांच्या वेळेत ती दाखवली जात असे. मेन राज्यातील एक काल्पनिक बंदरगाव, तेथील कॉलिन्स घराण्याचा जुना वाडा आणि त्या घरात शिक्षिका म्हणून आलेली व्हिक्टोरिया विंटर्स ही अनाथ तरुणी, अशी तिची मांडणी होती. नोव्हेंबर १९६७ मध्ये मालिकेने एक धाडसी वळण घेतले. मृतात्म्याला आवाहन करण्याच्या एका बैठकीत व्हिक्टोरिया अचानक १७९५ सालात जाऊन पडते. तिचे कपडे आणि बोलणे तेथे परके ठरते. पुढे काय घडणार आहे हेही तिला ठाऊक असते, कारण कॉलिन्स घराण्याचा छापील इतिहास तिच्याबरोबर आलेला आहे. घरात एकामागून एक अनर्थ घडू लागतात. रेव्हरंड ट्रास्क हा कडवा धर्मोपदेशक तिला चेटकीण ठरवतो, खटला उभा राहतो आणि तिला फाशीची शिक्षा होते.

सालेमचे खटले १६९२ चे. त्यानंतर शंभर वर्षांनी त्या प्रदेशात असा खटला चालणे इतिहासाला धरून नाही. पण ही चूक दाखवून थांबण्यात अर्थ नाही. लक्ष द्यायला हवे ते प्रेक्षकाच्या स्थानाकडे. व्हिक्टोरिया चेटकीण नाही हे प्रेक्षकाला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. ते कसे माहीत आहे? खरी चेटकीण त्याने आधीच पाहिली आहे म्हणून. सरदार घराण्यातील एका स्त्रीची दासी म्हणून वावरणारी अँजेलीक बाहुलीला टाचण्या टोचते, मंत्र म्हणते, माणसे आजारी पाडते, हे सर्व कॅमेऱ्याने त्याला दाखवले आहे. त्यामुळे न्यायालयातील प्रसंग पाहताना त्याचा जीव तुटतो तो 'चेटूक असे काही नसते, हे यांना कळत कसे नाही?' या विचाराने नव्हे. 'चेटकीण ती नव्हे, दुसरीच आहे', हे न्यायाधीशाला सांगता येत नाही म्हणून तो कासावीस होतो.

मालिका न्यायालयाला मूर्ख ठरवते, पण आरोपाच्या जातीला हात लावत नाही. व्हिक्टोरिया निर्दोष असते. आरोप मात्र कायम राहतो, फक्त त्याच्यापुढचे नाव बदलते. ट्रास्क क्रूर आहे, दांभिक आहे. तरीही मालिकेच्या तर्कानुसार तो निम्मा बरोबरच आहे, कारण घरात चेटकीण आहे, हे त्याचे म्हणणे खरे आहे. ज्या कथाविश्वात धर्मवेड्या सरकारी बाजूचे मूळ गृहीतक कथेनेच सिद्ध करून ठेवले आहे, तेथे तिच्या बाजूने उभ्या राहिलेल्या वकिलाच्या हाती फार थोडे उरते. 'चुकीची व्यक्ती पकडली' एवढेच तो म्हणू शकतो. व्हिक्टोरियाजवळच्या पुस्तकाची गंमतही येथेच आहे. तिच्या विरुद्धचा सर्वांत जड पुरावा म्हणजे तिच्याजवळ असलेला खरा इतिहास. ती जितके खरे बोलते तितकी अधिक दोषी ठरते. मालिकेच्या लेखकांना हा उपरोध सुचला, हे त्यांचे श्रेय. पण तो त्यांनी कथानकाला गती देण्यापुरता वापरला आणि सोडून दिला.

त्स्वेतान तोदोरोव्ह यांनी १९७० मध्ये अद्भुताची जी मीमांसा केली, तिचा गाभा संभ्रम हा आहे. घडले ते नैसर्गिक की अतिनैसर्गिक, याचा निर्णय वाचकाला करता येत नाही तोवरच अद्भुत टिकते; निर्णय झाला की ती संहिता शेजारच्या दुसऱ्या प्रकारात जाते. ही मांडणी मराठी अभ्यासकांना परिचित आहे. तिचा न्यायालयाशी असलेला संबंध मात्र सहसा ध्यानात घेतला जात नाही. न्यायालयातही असाच एक संभ्रम असतो आणि कायद्याने त्याला नाव दिले आहे : संशयाचा फायदा. निर्णय होत नसेल तर तो आरोपीच्या बाजूने झाला असे मानायचे. म्हणजे जो संभ्रम कथेत वाचकाला रोमांचित करतो, तोच न्यायालयात आरोपीचा जीव वाचवतो. दैनंदिन मालिकेला हा संभ्रम परवडत नाही. आजचा भाग चुकलेल्या प्रेक्षकाला उद्या कथेत परत घ्यायचे असते. त्यासाठी कोण चांगले, कोण वाईट, कोणी काय केले हे पुन्हा पुन्हा दाखवावे लागते. प्रेक्षकाने सर्व काही डोळ्यांनी पाहिलेले असते. ज्याने पाहिले आहे त्याला संशयाचा फायदा ही तरतूद वेळकाढूपणाची वाटते. चेटकिणीवर अन्याय करणाऱ्या न्यायालयाची चीड निर्माण करता करता मालिका पुरावा नावाच्या गोष्टीबद्दलच अनादर रुजवते, असे म्हटले तर ते अतिशयोक्त ठरू नये.

सालेमचा इतिहास येथे वेगळा धडा देतो. तेथे एकोणीस जणांना फाशी दिली गेली. त्या खटल्यांत एक विशिष्ट प्रकारचा पुरावा ग्राह्य धरला जात होता : आरोपी स्त्रीची छायाकृती आपल्याला छळताना दिसली, अशी साक्ष. ती आकृती इतर कोणालाही दिसत नसे. हा छायापुरावा नाकारला जाऊ लागल्यावर खटल्यांचा आधारच गेला. चेटकीण खरी की खोटी, या वादाचा निकाल तेव्हा लागलेला नव्हता. पुराव्याचा नियम बदलला आणि त्यामुळे माणसे वाचली. आर्थर मिलर यांनी 'द क्रुसिबल' (१९५३) लिहिताना रंगमंचावर कोठेही चेटूक घडू दिले नाही. मुली किंचाळतात, पक्षी दिसतो म्हणतात. प्रेक्षकाला पक्षी दिसत नाही. याउलट 'डार्क शॅडोज'चा कॅमेरा स्वतःच छायापुराव्याचा साक्षीदार आहे. तो पक्षी दाखवतो.

मराठी मालिकांकडे वळल्यास हा प्रसंग जसाच्या तसा मिळत नाही, पण त्याची सामग्री सगळी मिळते. झी मराठीवरील 'असंभव' (२००७-०९) मध्ये वाडा, पूर्वजन्मीचे वैर आणि अघोरी सामर्थ्य असलेली स्त्री आहे. 'रात्रीस खेळ चाले'च्या पहिल्या पर्वात (२०१६) वडिलांच्या मृत्यूनंतर कोकणातील घरी जमलेले कुटुंब, वाटणीचा तंटा आणि रात्रीचे भास आहेत. येथे न्यायाधीश नसतो. त्याचे काम प्रेक्षक करतो. घरातल्या कोणत्या बाईच्या नजरेत काही आहे, कोणाच्या पावलांनी घर बसले, याची चौकशी रोज रात्री अर्धा तास चालते. या मालिकांचे कथनकौशल्य नाकारण्याचे कारण नाही. पण हे घरोघरचे न्यायालय कोणत्या नियमांनी चालते, हा प्रश्न त्या स्वतःला विचारत नाहीत.

तो प्रश्न मराठीत ज्या संहितेने विचारला ती गॉथिकही नाही आणि मालिकाही नाही. 'डार्क शॅडोज'मधील १७९५ चे कथानक अमेरिकेत चालू असताना, डिसेंबर १९६७ मध्ये, मुंबईत विजय तेंडुलकरांचे 'शांतता! कोर्ट चालू आहे' रंगमंचावर आले. हा निव्वळ योगायोग आहे. त्यातून प्रभावाचा धागा काढण्याचा मोह टाळलेला बरा. तरी दोन्हींची रचना शेजारी ठेवली की फरक स्पष्ट दिसतो. एका गावात अभिरूप न्यायालयाचा कार्यक्रम करायला आलेली मंडळी वेळ घालवण्यासाठी तालीम म्हणून खेळ मांडतात आणि लीला बेणारे या शिक्षिकेवर भ्रूणहत्येचा आरोप ठेवतात. खेळातला आरोप हळूहळू तिच्या खऱ्या आयुष्यावर येऊन बसतो. ती अविवाहित आहे आणि गरोदर आहे. येथे वस्तुस्थिती खरी असते, पण गुन्हा नसतो. खरी चेटकीण दुसरीकडे लपलेली आहे, अशी सोय तेंडुलकर प्रेक्षकाला देत नाहीत. बेणारे जे आहे तेच ती आहे, आणि त्याला गुन्हा म्हणणारी भाषा काशीकर, सुखात्मे, पोंक्षे ही मंडळी डोळ्यांदेखत तयार करतात. ज्या भ्रूणहत्येबद्दल खटला भरला तीच शेवटी शिक्षा म्हणून फर्मावली जाते, यात तो आरोप किती पोकळ होता हे उघड होते.

या नाटकातील साक्षींपैकी सामंताच्या साक्षीकडे समीक्षेने अधिक लक्ष द्यायला हवे होते. सामंत हा त्या गावचा साधा माणूस. साक्षीदार कमी पडतो म्हणून त्याला उभे केले जाते. काय सांगावे हे त्याला कळत नाही, म्हणून तो हातातल्या कादंबरीच्या आधाराने साक्ष देतो. प्राध्यापक दामल्यांच्या खोलीत काय घडले, याचे हे पूर्ण काल्पनिक वर्णन वस्तुस्थितीच्या जवळ जाऊन पोचते. लोकप्रिय कथेत असे प्रसंग जसे घडतात तसेच ते येथेही घडले असणार, एवढ्या आधारावर साक्ष खरी वाटते, आणि सगळे ती खरी मानतात. कथा जुळते एवढेच तिच्या खरेपणाचे प्रमाण होते. लौकिक कथेचे साचे न्यायदानात कसे शिरतात, याचे इतके नेमके दर्शन मराठीत दुसरीकडे क्वचितच आढळेल. मात्र एक गोष्ट नोंदवणे भाग आहे. नाटकाच्या अखेरीचे बेणारेचे दीर्घ स्वगत कितीही प्रभावी असले, तरी रचनेच्या दृष्टीने ते मालिकेतील पूर्वदृश्याचेच काम करते. जे विचारण्याचा त्या न्यायालयाला अधिकार नव्हता त्याचे उत्तर प्रेक्षकाला स्वगतातून मिळते. बेणारेबद्दल सर्व काही कळल्याशिवाय प्रेक्षकाला तिची बाजू घेता आली नसती काय, हा प्रश्न नाटक संपल्यावर उरतो.

आतापर्यंत विचार झाला तो कल्पित खटल्यांचा. परभणी जिल्ह्यात, सेलू तालुक्यातील वालूरसारख्या गावात बसून या संहिता पाहणाऱ्या वाचक-प्रेक्षकाला मात्र गॉथिक हा निव्वळ वाङ्मयप्रकार म्हणून घेता येत नाही. वालूरला एक जुनी चक्राकार बारव आहे. वळत खाली जाणाऱ्या तिच्या पायऱ्या कोणत्याही भयमालिकेच्या दिग्दर्शकाला मोहात पाडतील अशा आहेत. गावकऱ्यांनी ती साफ करून मोकळी केली तेव्हा त्यांना पाणी हवे होते. पण याच मुलखात जमिनीखालच्या दुसऱ्या एका गोष्टीसाठी माणसे मारली गेली होती. शेजारच्या मानवतमध्ये नोव्हेंबर १९७२ ते जानेवारी १९७४ या काळात, दुष्काळाच्या त्या वर्षात सुरू होऊन, खुनांची मालिका घडली. बळी पडलेल्यांत बहुसंख्य लहान मुली आणि स्त्रिया होत्या. गुप्तधन मिळावे, मूल व्हावे, त्यासाठी अतिमानवी शक्तीला रक्त द्यावे, असा हेतू सरकार पक्षाने मांडला. गावातील एक वजनदार पुरुष आणि त्याच्यासोबत राहणारी, पारधी समाजाशी नाते सांगितली गेलेली एक स्त्री यांच्याभोवती आरोपांचे केंद्र होते.

हा चेटकिणीचा खटला नव्हता. आरोप खुनाचा आणि कटाचा होता. मंत्रतंत्राला फळ येते की नाही हे ठरवणे न्यायालयाचे काम नव्हते. त्यावरील विश्वास हा केवळ हेतूचा भाग होता. पण बाहेर, लोकांच्या बोलण्यात आणि वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत, एक दुसराच खटला चालू होता आणि त्यातली मुख्य आरोपी ती स्त्री होती. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने काही समाज जन्मतःच गुन्हेगार ठरवले होते. तो कायदा १९५२ मध्ये गेला, शिक्का गेला नाही. अमुक जातीची, परपुरुषाबरोबर राहणारी, मूल नसलेली बाई, एवढ्या सामग्रीवर लोककथेला चेटकीण उभी करता येते. सामंताच्या कादंबरीइतकीच ही कथाही तयार होती.

न्यायालयात पुराव्याचा कणा होता माफीच्या साक्षीदारांच्या जबान्यांचा. हे प्रकरण १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयात निकालात निघाले आणि 'दगडू विरुद्ध महाराष्ट्र राज्य' या नावाने ते सहअपराध्याच्या साक्षीबाबतचा महत्त्वाचा दाखला ठरले. १८७२ च्या पुरावा अधिनियमात (त्याची जागा जुलै २०२४ पासून नव्या अधिनियमाने घेतली आहे) या साक्षीबद्दल वरवर विसंगत वाटणाऱ्या दोन गोष्टी सांगितल्या होत्या. कलम १३३ प्रमाणे सहअपराधी हा सक्षम साक्षीदार आहे, आणि केवळ त्याच्या साक्षीवर शिक्षा झाली तरी ती तेवढ्यावरून बेकायदेशीर ठरत नाही. कलम ११४ च्या दृष्टान्ताप्रमाणे मात्र महत्त्वाच्या तपशिलांत अन्य पुराव्याची जोड नसेल, तर तो विश्वासास अपात्र आहे असे न्यायालय गृहीत धरू शकते. निकालाने या दोहोंचा मेळ घातला : पहिला कायद्याचा नियम, दुसरा सावधगिरीचा, आणि ही सावधगिरी इतकी रुजलेली आहे की ती सोडायची तर तशीच विशेष कारणे लागतात.

कथनमीमांसेच्या अभ्यासकाने या नियमाकडे कायद्याची तांत्रिक बाब म्हणून पाहू नये. माफीचा साक्षीदार हा निवेदक आहे. तो कथेच्या आत होता, म्हणून त्याला सर्व माहीत आहे. आणि कथा सांगण्यावर त्याचे स्वतःचे प्राण अवलंबून आहेत, म्हणून त्याच्यावर विसंबता येत नाही. अविश्वसनीय निवेदकाची चर्चा आपल्याकडे कादंबरीच्या संदर्भात पुष्कळ झाली. त्याच्या कथनावर कोणती अट घालावी याचे उत्तर मात्र न्यायशास्त्राने फार आधी दिले होते : कथा आतून सुसंगत आहे एवढे पुरेसे नाही, तिला कथेबाहेरचे काहीतरी जुळले पाहिजे, आणि गुन्हा घडला एवढेच जुळून भागणार नाही, त्या विशिष्ट आरोपीला त्या गुन्ह्याशी जोडणारे काही जुळले पाहिजे. मानवतमध्ये खून झाले होते यात शंकाच नव्हती. प्रत्यक्ष खून करणाऱ्या काहींना फाशीची शिक्षा कायम झाली. ज्या दोघांभोवती कथा विणली गेली होती ती दोघे अखेर दोषमुक्त ठरली.

हे पचवणे कोणत्याही कथेला कठीण आहे. मुलींच्या मृत्यूचा हिशेब मागणाऱ्या माणसांनाही ते कठीणच गेले असणार, आणि त्यांच्या वेदनेपुढे संशयाच्या फायद्याची थोरवी सांगणे उद्धटपणाचे होईल. प्रश्न कलाकृतींचा आहे. तेंडुलकरांनी याच प्रकरणावरून 'आक्रीत' (१९८१) ची पटकथा लिहिली. दिग्दर्शन अमोल पालेकरांचे होते. बेणारेचा खटला लिहिणाऱ्या लेखकाने मानवतकडे वळावे हे त्याच्या शोधाशी सुसंगतच होते. येथे आकर्षण सत्ता, लालसा आणि हिंसा यांच्या गुंत्याचे आहे, आणि त्या गुंत्यात स्त्रीची बाजू जरा वेगळ्या प्रकाशात येते. पण चित्रपटाला दृश्य लागते, आणि न्यायालयात जे सिद्ध व्हायचे असते ते दृश्याने आपोआप सिद्ध होते. पुढे ऑक्टोबर २०२४ मध्ये आशिष बेंडे दिग्दर्शित 'मानवत मर्डर्स' ही मालिका आली. तिचा आधार आहे तपास करणारे पोलीस अधिकारी रमाकांत कुलकर्णी यांच्या आठवणींचे पुस्तक. निवेदनबिंदू तपास अधिकाऱ्याचा असल्याने कथेची दिशा आरंभीच ठरते : अंधाराकडून उकलीकडे. या मालिकेत भुते नाहीत, हे तिचे मोठेच वेगळेपण मानले पाहिजे. वातावरण मात्र गॉथिकचेच आहे. आणि अभिनेत्रीच्या चेहऱ्यावर कॅमेरा रेंगाळतो तेव्हा मध्यरात्री वाड्यातल्या बाईकडे पाहण्याची जी सवय प्रेक्षकाला इतर मालिकांनी लावली आहे, तीच येथे कामाला येते. खऱ्या नावांनी सांगितलेल्या कथेत ही सवय अधिक धोक्याची आहे. अँजेलीकला कोणी शेजारी नव्हते. मानवतच्या माणसांची मुले-नातवंडे याच बाजारात येतात-जातात.

'मनोरंजनाकडून पुराव्याचे नियम पाळण्याची अपेक्षा करणे अरसिकपणाचे आहे', असा आक्षेप येऊ शकतो. कथेने न्यायालय व्हावे अशी ही मागणी नाही. खटला दाखवणाऱ्या कथेने न्यायालयाकडून घेण्यासारखी एक गोष्ट आहे, ती म्हणजे प्रेक्षकाला न दाखवणे. माफीचा साक्षीदार बोलतो आहे आणि पडद्यावर केवळ तो बोलतानाचा चेहरा आहे. त्याच्या शब्दांबरोबर रात्र, शेत, कुऱ्हाड यांचे पूर्वदृश्य सरकत नाही. अशी एक चौकट ठेवली तर प्रेक्षकाला पहिल्यांदाच न्यायाधीशाच्या जागी बसावे लागेल. त्याला ठरवावे लागेल, आणि ठरवता येत नाही हेही कळेल. हे रंगभूमीला सोपे आहे, पडद्याला अवघड. अशक्य मात्र नाही. अकिरा कुरोसावांनी 'राशोमोन' (१९५०) मध्ये पूर्वदृश्ये दाखवूनही, ती परस्परांना छेद देणारी ठेवून, हेच साधले होते.

खटल्याची दिशा उलटवण्याचा आणखी एक प्रयत्न महाराष्ट्रात झाला. तो नाटककारांनी किंवा मालिकाकारांनी केला नाही. अंधश्रद्धेविरुद्धच्या कायद्यासाठी दीर्घकाळ झटणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांची २० ऑगस्ट २०१३ रोजी हत्या झाली आणि त्यानंतर नरबळी व जादूटोणाविरोधी कायदा अस्तित्वात आला. त्याच्या अनुसूचीत नरबळीबरोबरच आणखी एक कृत्य गुन्हा म्हणून नोंदले आहे : अमुक व्यक्ती करणी करते, जादूटोणा करते, मंत्राने जनावरांचे दूध आटवते, असे जाहीर करून तिचे जगणे अवघड करणे. ट्रास्क फिर्यादी म्हणून ज्या जागी उभा होता, तेथून त्याला हलवून आरोपीच्या पिंजऱ्यात आणण्याची ही तरतूद आहे. ती लिहिताना कायद्याच्या मसुदाकारांना गावगप्पांतली चेटकिणीची सगळी लक्षणे, आटलेल्या दुधासकट, राजपत्राच्या भाषेत एकेक करून उतरवून घ्यावी लागली.